सात कोडी आणि वर तेरा

ईस्टरच्या काळातला तिसरा रविवार होता. मे महिन्याचा उकाडा, चर्चमधले सगळे पंखे चालू, तरी शर्ट पाठीला चिकटलेला. फादर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचत होते. पेत्र मचव्यावर चढला, त्यानं जाळं ओढून किनाऱ्यावर आणलं, आत मोठे मोठे मासे, एकशे त्रेपन्न. माझ्या शेजारी बसलेली मावशी हळूच पुटपुटली, “सात कोडी आन् वर तेरा.”

कोडी म्हणजे वीस. मासे मोजायची ती तिची रीत. चाळीस वर्षं सुकी मासळी विकलेल्या बाईच्या डोक्यात एकशे त्रेपन्न हा आकडा तसाच्या तसा शिरत नाही, वाटेतच त्याच्या कोड्या होतात. मला हसू आलं आणि त्याच क्षणी थोडी लाजही वाटली. कारण या आकड्यावर मी एके काळी वहीची अकरा पानं खर्ची घातली होती आणि त्या अकरा पानांत ‘कोडी’ हा शब्द कुठेही नव्हता.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. येशूला क्रुसावर दिल्यानंतरचे दिवस. पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे आणि आणखी दोघे, असे सात जण गालीलच्या सरोवरावर आहेत. योहान त्याला तिबिर्याचा समुद्र म्हणतो. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागत नाही. उजाडता उजाडता काठावर कुणीतरी उभा दिसतो. तो म्हणतो, उजव्या बाजूला टाका. टाकतात, तर जाळं ओढवेना. एक जण ओळखतो की हा प्रभू आहे. पेत्र उघडाच होता, तो अंगरखा गुंडाळतो आणि पाण्यात उडी घेतो. (पोहायला जाताना माणूस कपडे काढतो, हा घालतो. आमच्या कोळीवाड्यातली पोरं इथे दर वेळी खुसखुसतात.) काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर. येशू म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यांपैकी काही आणा. मग ते खातात. आणि खाऊन झाल्यावर येशू पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो: तू माझ्यावर प्रीती करतोस काय?

आता तो आकडा. एकशे त्रेपन्नच का? दीडशे का नाही, ‘पुष्कळ’ का नाही? गेली सोळाशे वर्षं तरी थोर थोर डोकी या आकड्याशी झटली आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी एक ते सतरापर्यंतचे आकडे मिळवून दाखवले: एक अधिक दोन अधिक तीन असं करत सतराला पोचलात की बेरीज बरोबर १५३ येते. आणि सतरा म्हणजे काय, तर दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दानं. त्यांचे समकालीन संत जेरोम, ज्यांनी बायबल लॅटिनमध्ये आणलं, ते म्हणाले की जगात माशांच्या १५३ जाती आहेत असं निसर्गाचे जाणकार सांगतात, म्हणजे सगळ्या जातींची माणसं या जाळ्यात आली. दाखला म्हणून त्यांनी एका ग्रीक कवीचं नाव दिलं. गंमत अशी की त्या कवीच्या आज उपलब्ध असलेल्या काव्यात अभ्यासकांना १५३ काही सापडत नाहीत. तिसरा उलगडा तर आणखी खोल पाण्यातला. यहेज्केल संदेष्ट्याला दिसतं की मंदिरातून निघालेली नदी मृत समुद्राला जिवंत करते आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी पसरतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. ‘गेदी’ची अक्षरं मिळवली तर १७ येतात, ‘एग्लाइम’ची मिळवली तर १५३.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा. नुकती नोकरी लागलेली, संध्याकाळी बायबल वर्गाला जायचो आणि घरी आलो की एक लांब वही उघडायचो. वहीत मधोमध रेघ. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचा ‘खरा’ अर्थ. पाणी: बाप्तिस्मा. तेल: अभिषेक. मचवा: ख्रिस्तसभा. विस्तव: पवित्र आत्मा. खमीर, मीठ, द्राक्षवेल, अंजिराचं झाड, गाढव, सगळ्यांचा निकाल लावलेला. कुठलाही उतारा वाचला की मी वही उघडायचो आणि डावीकडची वस्तू काढून उजवीकडचा शब्द तिथे बसवायचो. फार हुशार झाल्यासारखं वाटायचं. बाकीचे लोक नुसती गोष्ट ऐकतात, आपल्याला तिचं कुलूप उघडता येतं.

वाचायची ही तऱ्हा परकी वाटायचं कारण नव्हतं. एका अभंगावर तासभर निरूपण ऐकायची सवय असलेल्या समाजातली आपण माणसं. आपल्याकडे अर्थाच्या आधी ‘भाव’ लावून भावार्थ म्हणतात, आणि बायबलची कथाही मराठीत सविस्तर आली ती पुराणाच्या वेषात, ओव्यांतून. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटांनी गोव्यात रचलेलं ते पुराण १६१६ साली छापलं गेलं. तेव्हा ‘दिसतं एक, सांगायचंय दुसरं’ हे आमच्या कानाला गोडच लागतं.

पण त्या वहीनं मला काय केलं, ते चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात दिसतं. यरुशलेम डोंगरावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. यरीहो खाली खोलगटात, समुद्रसपाटीच्याही २५० मीटर खाली. मधे पंचवीस-तीस किलोमीटरचा उजाड उतार. त्या वाटेवर एकाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं, याजक आणि मंदिराची सेवा करणारा लेवी बाजूनं निघून गेले, आणि ज्याला यहुदी लोक आपला मानत नसत असा एक शोमरोनी थांबला, जखमा बांधून त्याला धर्मशाळेत घेऊन गेला आणि रखवालदाराला दोन नाणी दिली. ऑगस्टीननी याचा उलगडा असा केला: तो माणूस आदाम, यरुशलेम स्वर्गीय नगरी, लुटारू सैतान, शोमरोनी खुद्द ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, आणि धर्मशाळेचा रखवालदार म्हणजे पौल. एकही वस्तू वाया जात नाही. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, अगदी दोन नाण्यांसकट. पुढे कधीतरी लक्षात आलं की या सगळ्या मांडणीत वाटेवर पडलेला माणूस नाहीसा झालाय. त्याचं रक्त, त्याच्या जखमा, त्यांवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस, सगळं दुसऱ्याच कशाचं तरी नाव झालं. आणि ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून ही गोष्ट सांगितली गेली, ‘माझा शेजारी कोण?’, तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता जणू.

ऑगस्टीनवर सगळा राग काढणं बरं नाही. त्यांनीच एके ठिकाणी म्हटलंय की उताऱ्याचा अर्थ चुकला, पण त्यातून प्रीतीच वाढली, तर तो माणूस रस्ता सोडून शेतातून गेला आणि पोचला मात्र तिथेच. फक्त त्याला हटकलं पाहिजे, नाहीतर आडवाटेची सवय लागते. मला हटकायला कुणी नव्हतं. होती ती मावशी, मासे मोजत.

मिस्सा संपल्यावर आम्ही बाहेर सावलीला थांबलो. रिक्षा मिळेना. फादरांनी प्रवचनात एकशे त्रेपन्नचा अर्थ सांगितला होता, सगळी राष्ट्रं वगैरे, आणि मावशीला तो पटला नव्हता.

“मासं मोजले म्हणून सांगितलं. त्यात अर्थ कसला आला? मोजल्याबिगर वाटे कसे घालायचे?”

मी म्हटलं, असेल, पण त्या गडबडीत, समोर मेलेला माणूस जिवंत होऊन उभा असताना, मासे कोण मोजत बसेल?

“जाळं ओढलं की आधी मोजायचं,” ती म्हणाली, “मग कोण का येईना. मोजले नाय तर भांडणं.”

मग तिनं वाटे घालायला घेतले, तोंडी. कोळ्यांच्या धंद्यात आलेल्या मासळीचे वाटे पडतात ते फक्त माणसांचे नाहीत. होडीचा एक वाटा असतो, जाळ्याचा असतो, कारण होडी आणि जाळ्यांनाही खर्च आहे, तीही राबतात. “माणसं किती म्हणालास? सात. होडीचा एक, जाळ्याचा एक. नऊ वाटे.” ती क्षणभर थांबली, ओठ हलले. “सतरा-सतरा. बरोबर बसतं.”

मी मोबाइल काढला. नऊ सत्ते त्रेसष्ट, हातचे सहा, नऊ एके नऊ आणि सहा पंधरा. एकशे त्रेपन्न. बाकी शून्य.

सतरा! हिप्पोच्या बिशपनी दहा आज्ञा आणि सात दानं करून आणलेला आकडा, एन-गेदीचा आकडा, तो इथे चौथी शिकलेल्या कोळणीनं नऊ वाटे करून काढला होता. माझ्या आतली जुनी वही फडफडत उघडली. मी मावशीला सगळं सांगितलं, ऑगस्टीन, यहेज्केल, हिब्रू अक्षरं. सतरा हा म्हणजे प्रत्येकाचा वाटा! यात काहीतरी आहे!

तिनं पदरानं मान पुसली. “जाळं दोघांचं असतं तर? मग दहा वाटे झाले असते. काय बसलं असतं?”

त्या रिक्षाच्या रांगेत मला जे कळलं ते मोठमोठ्या टीकाग्रंथांतून कळलं नव्हतं. आकड्याला हात लावाल तसा तो वाकतो. होडीचा वाटा मी धरला, काठावर पेटवलेल्या विस्तवाच्या कोळशाचा धरला नाही, आणि हवं ते उत्तर आल्यावर मोजणं थांबवलं. पहिल्या शतकात गालीलच्या सरोवरावर वाटे कसे पडायचे हे ना मला ठाऊक, ना मावशीला. तरी माझ्या अंगावर काटा आलाच होता, बाविसाव्या वर्षी आला होता अगदी तसाच. अंगावर काटा येणं हा काही पुरावा नव्हे.

मग खोल अर्थ म्हणून काही नसतोच का? तसं मला वाटत नाही. उलट योहानासारखा जपून लिहिणारा माणूस दुसरा नसेल. फक्त तो आपल्या खुणा आकड्यांच्या तळघरात पुरत नाही, उघड्यावर ठेवतो. एकदा वापरलेली वस्तू तो पुढे कुठेतरी पुन्हा काढतो, आणि दोन जागांच्या मधे आपण उभे राहिलो की वारा लागतो. एकशे त्रेपन्न या आकड्याकडे तो पुन्हा फिरकत नाही. पण बाकीच्या किती गोष्टींकडे फिरकतो ते बघा.

त्या रात्री त्यांना काही मिळालं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात रात्र म्हटलं की सावध व्हायचं. निकदेम येशूकडे येतो तो रात्री, चोरून. शेवटच्या भोजनातून येशूला धरून देणारा यहूदा उठून बाहेर जातो, तिथे योहान एवढंच लिहितो की तेव्हा रात्र होती. घड्याळातली वेळ सांगायला ते वाक्य लिहिलेलं नाही, हे कळायला ग्रीक यावं लागत नाही.

पेत्र जाळं ओढतो. ग्रीक मला येत नाही, पण शब्दकोश उघडून बसायची सवय आहे. ओढण्यासाठी इथे जे क्रियापद आलंय तेच आधी बाराव्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे: मला उंच केलं गेलं की मी सगळ्यांना आपल्याकडे ओढून घेईन. आणि तेच अठराव्या अध्यायात पेत्राच्या हातून घडतं, बागेत, तलवार ओढताना. मराठीत आपण तलवार उपसतो आणि जाळं ओढतो, म्हणून हा धागा आपल्या हातून सुटतो. ज्या हातानं तलवार ओढली त्याच हातानं आता जाळं ओढलं, आणि इतके मासे असून जाळं फाटलं नाही. ‘फाटणं’ हेही असंच. क्रुसाखाली शिपाई येशूचा झगा फाडू या नको म्हणतात, कारण तो अखंड विणलेला आहे. तिथे हेच क्रियापद. आणि येशूवरून लोकांत फूट पडली असं योहान तीनदा सांगतो, ती ‘फूट’ याच धातूतून आलेली. फूट पडलेल्या गोष्टीच्या शेवटी एक न फाटलेलं जाळं.

असं वाचताना मला केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण येते. बायबल साध्या बायांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करत बसल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला त्यांच्याच बायका-मुली होत्या. १९२२च्या एप्रिलमध्ये काम संपवून त्या गेल्या. सोपा शब्द हवा आणि तो मुळातला हवा, या दोन्ही हट्टांपायी एवढी वर्षं. माझ्या वहीच्या उजव्या रकान्यात यातलं काहीच नव्हतं.

आता त्या विस्तवाकडे येतो, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात नेतात ती रात्र थंडीची. अंगणात नोकर आणि शिपाई विस्तव पेटवून शेकत उभे आहेत, पेत्रही त्यांच्यात शेकत उभा आहे. तिथे त्याला विचारतात, तू त्याच्या शिष्यांपैकी ना? तो म्हणतो, मी नव्हे. तीनदा. मग कोंबडा आरवतो. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. मार्क म्हणतो पेत्र उजेडाशी शेकत होता, लूक नुसती आग म्हणतो. योहान एकटा म्हणतो, कोळशाचा विस्तव. ग्रीकमध्ये त्याला एक वेगळाच शब्द आहे, अँथ्राकिया. सगळ्या नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा त्या अंगणात, आणि एकदा सरोवराच्या काठावर, मासळी आणि भाकरीच्या खाली.

म्हणजे पेत्र पाण्यातून निथळत वर येतो तेव्हा त्याला आधी काय येत असेल? वास. कोळशाचा. लाकडाच्या जाळाला असतो तसा नव्हे, कोरडा, घशाला लागणारा. त्या अंगणातला. त्याला कुणी काही आठवण करून दिलेली नाही, तीन प्रश्न अजून पुढे आहेत, पण विस्तव आधीच पेटवून ठेवलाय. माझ्या वहीत विस्तव म्हणजे पवित्र आत्मा असं पक्कं लिहिलेलं असल्यामुळे हा उतारा मी वर्षानुवर्षं वाचला आणि कोळसा मला कधी दिसला नाही.

मला तो दिसला त्याला मात्र कारण होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अंधेरी स्टेशन, सकाळची गर्दी, बरोबर वर्गातली चार-पाच मुलं. त्यांना मी वसईचा एवढंच ठाऊक होतं. कुणी विचारलं तर म्हणायचो, आमची वाडी आहे. वसईत पुष्कळांच्या केळीच्या वाड्या असतात, त्यामुळे खपून जायचं. त्या दिवशी मावशी कशी कोण जाणे, बोरिवली सोडून अंधेरीच्या बाजाराला माल घेऊन आलेली. लगेजच्या डब्यातून उतरली, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, लोक नाकाला रुमाल लावून वाट देत होते. तिनं मला पाहिलं आणि घरचं नाव घेऊन हाक मारली. पाटीला आधार द्यायला कुणीतरी हवं असणार. माझा मित्र म्हणाला, “ती मावशी तुला हाक मारतेय का रे?”

मासेवालीला सगळेच मावशी म्हणतात. त्याला ठाऊक नव्हतं की तो अगदी बरोबर बोलला होता.

मी म्हटलं, “छे. त्या सगळ्यांनाच हाका मारतात.” आणि पुलाच्या जिन्याकडे वळलो.

कोंबडा वगैरे काही आरवला नाही. इंडिकेटरवर पुढची गाडी लागली.

संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी गेलो. मावशीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. ती ओट्यावर शेगडी घेऊन बसली होती, निखाऱ्यांवर बोंबील भाजत होती. सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की आधी आक्रसतो, मग कडा तांबूस होतात, आणि नेमक्या त्या क्षणी उचलला नाही तर कडू होतो. तिनं मान वर न करता म्हटलं, “हात धुऊन ये.” मी हात धुऊन आलो. तांदळाची भाकरी, तिच्यावर दोन बोंबील, ठेचलेली लसूण-मिरची. मी खाल्लं. तिनं आणखी एक टाकला, मी तोही खाल्ला. सकाळचा विषय निघाला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात एकविसावा अध्याय वाचत होतो आणि ‘कोळशाचा विस्तव’ या शब्दांवर थांबलो. पुढे जाताच येईना. कुठला टीकाग्रंथ उघडला नव्हता. अठराव्या अध्यायाकडे मी मग गेलो, शब्दकोश त्याच्याही नंतर. आधी आला तो ओट्यावरचा वास.

एक फरक आहे, तो मला टोचतो. येशू विचारतो. आधी खाऊ घालतो, योहान स्पष्ट सांगतो की खाणं झाल्यावर, पण मग विचारतो, आणि जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा विचारतो. प्रवचनांत इथे प्रीतीच्या दोन ग्रीक शब्दांवर फार भर देतात: येशू वरच्या दर्जाची प्रीती मागतो, पेत्र खालच्या दर्जाची देतो, वगैरे. मला ते ओढूनताणून वाटतं. बाप पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान एकदा एक शब्द वापरतो, एकदा दुसरा, आणि तिथे कुणी दर्जा लावत नाही. त्याच संवादात मेंढरांनाही दोन वेगवेगळे शब्द आलेत, त्यावर प्रवचन केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. इथली चमक शब्दांच्या फरकात नाही. ती तीनमध्ये आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, असं लिहिलंय. होणारच. पण ते दुःख झालं म्हणून पेत्र त्या अंगणातून सुटला. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मी अजून अंधेरीच्या जिन्यावर आहे, असं कधी कधी वाटतं.

त्या रविवारी रिक्षा मिळाली, घरी आलो, आणि मी तिला सांगून टाकलं. पंचवीस वर्षांनी. ती शेगडी आता काढत नाही, गॅसवर जाळी ठेवते. कपाट आवरत होती. मी सांगितलं, अंधेरी, पाटी, मित्र, मी काय म्हणालो ते.

“मला नाय आठवत,” ती म्हणाली.

खरंच आठवत नव्हतं की काय, कळायला मार्ग नाही. तिला १९९०च्या दशकातले पापलेटचे भाव आठवतात, कुणी किती उधारी बुडवली ते नावानिशी आठवतं. मी तसाच उभा राहिलो. तिनं एक-दोन साड्यांच्या घड्या घातल्या आणि मग माझ्याकडे वळली.

“तुझं ते सतराचं चुकलं.”

“काय चुकलं?”

“काठावर उभा होता त्याचा वाटा कुठे धरलास? जाळं कुठं टाकायचं ते त्यानंच सांगितलं ना? दहा वाटे होतात.”

मी मनात भागाकार केला. दहा वाटे, पंधरा-पंधरा. “बसत नाही मावशी. तीन उरतात.”

“उरणारच,” ती म्हणाली. “सगळे वाटून टाकलेस तर विस्तवावर काय घालशील? ते खायाला.”

योहान त्या न्याहारीच्या मासळीसाठी जो शब्द वापरतो तो जाळ्यातल्या मोठ्या माशांच्या शब्दाहून वेगळा आहे. नव्या करारात तो फक्त योहानातच आहे, आणि योहानातही दोनच प्रसंगांत: इथे, आणि याच सरोवराच्या काठी पाच भाकरी नि दोन मासळ्या हजारोंना पुरल्या तिथे. शब्दकोशात त्याचा मूळ अर्थ दिलाय, भाकरीबरोबर खायचा छोटा मासा. तोंडी लावणं. हे मी मावशीला सांगणार होतो, पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती आणि जाळीवर काहीतरी तडतडायला लागलं होतं.